हद्दपार द्राक्षे

फेब्रुवारी उजाडला की आमच्या बेळगावच्या बाजारात द्राक्षांच्या पाट्या येऊ लागतात. तासगावची, अथणीची, विजापूरकडची. लांबट, हिरवी, बिनबियांची. गिऱ्हाईक त्यांच्याच भोवती असते. पण एखाद्या कोपऱ्यात एखादी बाई काळ्या-निळ्या, गोल, लहान मण्यांची पाटी घेऊन बसलेली असते. मण्यांवर राखेसारखा पांढुरका थर. "ही कुठली हो मावशी?" असे विचारले की उत्तर येते, "बेंगळूरची. खाऊन बघा की!" मणी दाबला की साल अंगरख्यासारखी सुटून हातात राहते आणि आतला बुळबुळीत गर तोंडात जातो. बिया थुंकाव्या लागतात. वास असा की बंद खोलीत घड ठेवला तर घरभर कळावे.

हाच वास मला फार आधीपासून ठाऊक होता. म्हापशाला माझी आत्या राहते. तिच्या फडताळात औषधांच्या बाटल्यांच्या रांगेत गोव्याच्या 'पोर्ट'ची एक बाटली कायम असायची. घरात एरवी मद्याचे नाव काढायची सोय नव्हती. पण थकवा आला, आजारपण झाले, की औषधाच्या पेल्यातून दोन घोट. गोड, गडद लाल, आणि वास या बेंगळूरच्या द्राक्षांचा. पुढे कळले की गोव्यात पोर्ट म्हणून विकली जाणारी ही स्वस्त गोड वाइन मुख्यतः याच द्राक्षापासून होते. पोर्तुगालच्या दोरू नदीकाठच्या खऱ्या पोर्टशी तिचे नाते नावापुरतेच.

या द्राक्षाला आपल्याकडे 'बेंगलोर ब्लू' म्हणतात. बेंगळूर, कोलार, चिक्कबळ्ळापूर या भागांत ते पिढ्यानपिढ्या लावले जाते, आणि आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जगभरच्या द्राक्षजातींच्या याद्यांत मात्र ते 'इसाबेला' या अमेरिकन जातीचेच दुसरे नाव म्हणून येते. आणि या इसाबेलावर फ्रान्समध्ये १९३४ साली कायद्याने बंदी आली. तिच्याबरोबर आणखी पाच जातींवर आली. माणसांना हद्दपार केल्याच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. द्राक्षांना हद्दपार केल्याची ही कथा मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही, आणि सीमेवर राहणाऱ्या माणसाला ती ऐकण्यासारखी वाटेल असा माझा अंदाज आहे.

मूळ धरायचे तर ते असे. युरोपात वाइनसाठी जी द्राक्षे लावत, ती सगळी एकाच प्रजातीची, 'व्हिटिस व्हिनिफेरा'ची. काबेर्ने, मेर्लो, पिनो, आपल्या नाशिककडे आज दिसणारी शिराझ, हे सगळे त्याच घराण्यातले. अमेरिकेत मात्र रानोमाळ वेगळ्याच प्रजातींच्या वेली वाढत होत्या. त्यांची फळे उग्र वासाची. तिथल्या इंग्रजांनी या वासाला 'कोल्ह्याचा वास' असे नाव दिले. कोल्ह्याचा त्यात संबंध काय, यावर पंडितांचे एकमत नाही. युरोपातून नेलेल्या वेली अमेरिकेत जगत नव्हत्या. पण त्या आणि रानवेली शेजारी-शेजारी फुलल्यामुळे आपोआप काही संकर झाले. इसाबेला ही त्यांतलीच. ब्रुकलिनच्या इसाबेला गिब्ज नावाच्या बाईंच्या बागेतली ही वेल विल्यम प्रिन्स या रोपवाटिकावाल्याने १८१६ च्या सुमारास बाजारात आणली आणि बाईंचे नाव वेलीला लागले.

आता फ्रान्सकडे वळू. १८५० च्या आसपास तिथल्या बागांवर भुरी आली. भुरी म्हणजे काय हे सांगली-विजापूरच्या बागायतदाराला सांगायला नको. तीही अमेरिकेतूनच आलेली. इसाबेलासारख्या अमेरिकन वेली भुरीला दाद देत नाहीत असे दिसल्यावर हौशी लोकांनी त्या मागवायला सुरुवात केली. आगबोटींमुळे प्रवास थोड्या दिवसांचा झाला होता. वेली ओल्या मुळांनिशी जिवंत पोचत होत्या. आणि मुळांबरोबर त्यांच्यावरचा एक पाहुणाही जिवंत पोचत होता.

१८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीच्या खालच्या भागात वेली कारण न कळता वाळू लागल्या. वाळलेली वेल उपटून पाहावी तर मुळे कुजलेली, पण त्यांवर काहीच नाही. पाच वर्षांनी, १५ जुलै १८६८ रोजी, माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी एका बागेत पोचले. मेलेल्या वेलींऐवजी त्यांनी शेजारची, अजून हिरवी दिसणारी वेल उपटली. मुळांवर पिवळ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किडींचे थर होते. वेल मेली की कीड पुढच्या वेलीवर जाते. म्हणून मेलेल्या वेलीवर पुरावा सापडत नव्हता. हा फायलॉक्सेरा. अमेरिकन वेली त्याच्यासह हजारो वर्षे नांदल्या होत्या. कीड चावली की त्यांचे मूळ जखमेभोवती बुचासारखे कवच धरते. युरोपच्या वेलींना ती विद्या ठाऊक नव्हती.

पुढची वीस-पंचवीस वर्षे फ्रान्सच्या खेड्यांनी जे भोगले त्याची कल्पना आकड्यांवरून येते. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन झाली. १८८९ साली सुमारे २ कोटी ३० लाख. (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर.) सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. लोकांनी काय काय केले! वेलीखाली जिवंत बेडूक पुरले, बागा महिना-महिना पाण्याखाली बुडवून ठेवल्या, कार्बन डायसल्फाइड नावाचे दुर्गंधी, भडका घेणारे औषध पिचकारीने जमिनीत सोडले. बुडवणे ज्यांना नदीकाठी शक्य होते आणि औषध ज्यांना परवडत होते, ते तगले. बाकीचे अल्जीरियाला गेले, शहरांत गेले.

खरा उपाय दोनच वाटांनी निघाला. दोन्ही वाटा अमेरिकेकडे जात होत्या.

पहिली वाट कलमाची. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच काडी. बोर्दोच्या लेओ लालीमान यांनी १८६९ मध्येच अमेरिकन वेली कीड सोसतात हे निदर्शनास आणले होते. पुढे त्यांनी बक्षीस मागितले तेव्हा सरकारने ते दिले नाही. कीड आणणाऱ्यांतच त्यांची गणना होत होती! कोन्याककडच्या चुनखडीच्या जमिनीत मात्र पहिले अमेरिकन खुंट पिवळे पडून मरू लागले. तेव्हा १८८७ मध्ये प्येर व्हियाला अमेरिकेत गेले आणि टेक्सासमधील डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीत वाढणाऱ्या तिथल्या रानवेली दाखवल्या. मन्सन यांनी आयुष्य घोड्यावरून आणि आगगाडीतून रानद्राक्षे हुडकण्यात घालवले होते. फ्रेंच सरकारने दुसऱ्याच वर्षी त्यांचा सन्मान केला.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अथणीकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराने मला एकदा बाग दाखवताना खोडावरची गाठ दाखवली. "खाली डॉगरीज आहे साहेब. खारे पाणी, दुष्काळ, सगळे सोसतंय." डॉगरीज हे नाव ते असे उच्चारत होते की जणू शेजारच्या तालुक्यातले गाव. हा खुंट टेक्सासच्या बेल परगण्यात मन्सन यांनीच निवडलेला, मूळ नाव 'डॉग रिज'. महाराष्ट्र-कर्नाटकात तो फायलॉक्सेरासाठी नव्हे, खारवट पाण्यासाठी आणि पाण्याच्या तुटवड्यासाठी १९९० नंतर पसरला. वर थॉमसन सीडलेस, खाली टेक्सासची रानवेल. तीच गोष्ट बोर्डो मिश्रणाची. १८७८ च्या सुमारास केवडा फ्रान्सला पोचला तेव्हा मेदोकमधले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत, तो वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. अलेक्सिस मिलार्दे यांच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींची पाने टिकून आहेत. १८८५ साली त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केले. आज आपल्याकडचा शेतकरी 'बोर्डो मारली' म्हणतो, तेव्हा तो एका फ्रेंच शहराचे नाव घेत असतो हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

असो. कलमाची वाट मोठ्यांची होती. कलमे महाग, कारागिरी लागणारी, आणि वरची फ्रेंच काडी पूर्वीइतकीच नाजूक. भुरी-केवड्याची फवारणी सुटत नव्हती. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला दुसरी वाट जवळची वाटली. कलमच नको, अमेरिकन वेल किंवा अमेरिकन आणि फ्रेंच वेलींचा संकर थेट जमिनीत लावायचा. याला तिकडे 'थेट पीक देणाऱ्या' वेली म्हणत. काडी खोचली की रुजते, फवारणी जवळजवळ नको, पीक भरपूर. इसाबेला, क्लिंटन, जाके, ओथेलो, एर्बमाँ या काळ्या-लाल जाती आणि नोआ ही पांढरी. सेव्हेनच्या डोंगरातला शेतकरी घराच्या भिंतीवर, तुतीच्या झाडावर वेल चढवी आणि वर्षभराची घरची वाइन काढी. वासाला नाके मुरडणारे मुरडत. त्या घरांत जन्मलेल्यांना मात्र वाइनचा वास तोच वाटे.

मग काही माणसे मुद्दाम संकर करू लागली. त्यात कोणी मोठ्या विद्यापीठाचे नव्हते. आर्देश भागातल्या ओबना गावचे आल्बेर सीबेल आणि जॉर्ज कुदेर्क यांनी हजारो रोपे वाढवून पाहिली; सीबेलच्या द्राक्षांना नावे नसत, नुसते आकडे असत. लांद भागातले फ्रांस्वा बाको हे शाळामास्तर. त्यांनी १९०२ साली 'फोल ब्लांश' ही जुनी फ्रेंच जात आणि अमेरिकन नदीकाठची रानवेल यांच्यापासून एक काळी जात काढली. तीच आज 'बाको न्वार'.

पण मला त्यातले सर्वांत जिव्हाळ्याचे वाटतात ते ओजेन कूलमान, कारण ते आल्सासचे. आल्सास म्हणजे फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामध्ये सापडलेला मुलूख. १८७१ साली तो जर्मनीने घेतला, १९१८ साली फ्रान्सकडे गेला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि युद्ध संपताना पुन्हा फ्रान्सकडे. एकाच घरात आजोबा, बाप आणि नातू वेगवेगळ्या भाषेच्या शाळेत गेले. त्या मुलखातल्या कोलमार गावी कूलमान यांनी १९११ मध्ये, म्हणजे जर्मन अमलाखाली, एक संकर केला. एका बाजूला दोन अमेरिकन रानवेलींचे रक्त, दुसऱ्या बाजूला 'गोल्डरीस्लिंग' ही तिथली द्राक्ष. फळ लहान, काळे, लवकर पिकणारे, थंडीला न भिणारे. युद्ध संपले, मुलूख पुन्हा फ्रेंच झाला, आणि त्या जर्मन राजवटीतल्या द्राक्षाला नाव मिळाले 'मारेशाल फोश', जर्मनीला हरवणाऱ्या फ्रेंच सेनापतीचे! द्राक्षाला कोणी विचारले नाही. आणि आज ते मायदेशी क्वचितच दिसते. भेटते ते कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड राज्यांत.

अशा संकरांची लाल वाइन कशी लागते? जाणकार सांगतात ते असे : रंग फार गडद, जवळजवळ शाईसारखा, आंबटपणा जास्त, आणि जुन्या फ्रेंच लाल वाइनमध्ये जिभेला जो तुरटपणा जाणवतो तो कमी. त्यामुळे ती वर्षानुवर्षे मुरवायला ठेवण्यापेक्षा लवकर पिण्याची वाइन ठरते. बाको किंवा फोशमध्ये इसाबेलाचा तो उग्र सुगंध नाही, कारण त्यांच्यातल्या रानवेली वेगळ्या प्रजातींच्या. पण हा फरक कायदा करणाऱ्यांनी आणि नाके मुरडणाऱ्यांनी फारसा कधी पाहिला नाही. संकर म्हणजे संकर.

आता कायदा. १९३० नंतर फ्रान्समध्ये वाइन तुटवड्याऐवजी अतोनात झाली. बागा सावरल्या होत्या आणि अल्जीरियाची वाइन बंदरांत उतरत होती. भाव कोसळले. कोणाच्या तरी वेली कमी व्हायला हव्या होत्या. २४ डिसेंबर १९३४ च्या कायद्याने नोआ, ओथेलो, इसाबेला, जाके, क्लिंटन आणि एर्बमाँ या सहांची लागवड आणि विक्री निषिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, नामांकित प्रदेशांच्या वाइनना संरक्षण देणारी व्यवस्था उभी राहिली. तिच्या दारात संकरांना जागा नव्हती. कारण काय सांगितले गेले? चव वाईट, आणि प्रकृतीला अपाय. या वाइनने वेड लागते अशी वदंता तर खेडोपाडी पोचली. त्यात तथ्याचा कण होता तो एवढाच की या द्राक्षांच्या सालीत पेक्टिन जास्त असल्यामुळे मिथेनॉल थोडे अधिक तयार होते. वेड लागण्याइतके नव्हे. वेड लागायचेच तर ते कुठल्याही वाइनच्या अतिरेकाने लागेल, असे एखादा आल्सासचा म्हातारा म्हणाला असता.

कायद्याने लगेच काही वेली उपटल्या गेल्या नाहीत. युद्धकाळात मोरचूद मिळेना, तेव्हा फवारणी न मागणाऱ्या वेलींनीच खेड्यांना तारले. १९५८ च्या सुमारास फ्रान्समधली सुमारे चार लाख हेक्टर जमीन, म्हणजे द्राक्षबागांचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, संकरांखाली होता! पण त्याच दशकात उपटणाऱ्याला अनुदान आणि न उपटणाऱ्याला जाच सुरू झाला. सेव्हेनमध्ये म्हाताऱ्यांनी भिंतीवरच्या वेली मुकाट ठेवल्या. घरची वाइन घरात संपत असे. तिला कोण विचारणार?

बाजारातल्या वाइनला मात्र विचारणारी एक परीक्षा निघाली, आणि ती या कथेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते. द्राक्षाच्या लाल रंगद्रव्याला साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो. बऱ्याच अमेरिकन प्रजातींत आणि त्यांच्या संकरांत दोन असतात. बोर्दोचे पास्काल रिबेरो-गायों यांनी १९५० च्या दशकात कागदावर हे रंग वेगळे करून दाखवण्याची रीत बसवली. वाइनचा थेंब कागदावर टाकायचा. दोन साखरांचा डाग उमटला की त्यात संकराचे रक्त आहे हे ठरले. चव कशी आहे, हा प्रश्नच उरला नाही. शास्त्र म्हणून ही कामगिरी सुंदर आहे, यात वाद नाही. पण आमच्यासारख्यांना तो कागद ओळखीचा वाटतो. पुण्याला गेल्यावर बोलता बोलता तोंडून 'की' निघून जातो, किंवा हेल जरासा कानडीकडे झुकतो, आणि समोरचा लगेच विचारतो, "तुम्ही तिकडचे का?" बेंगळूरला तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने.

शुद्धतेची गंमत पुढे शास्त्रानेच केली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बावर्स यांनी जनुकांच्या चाचणीने दाखवले की काबेर्ने सोव्हिन्यों, लाल वाइनचा राजा, हा काबेर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ यांचा कधीकाळी बागेत आपोआप झालेला संकर आहे. शिराझचेही आई-बाप पुढे सापडले; त्यांतली आई तर पांढरे द्राक्ष. हे संकर एकाच प्रजातीच्या आतले, हे मान्य. तरी 'परंपरागत' म्हणजे काय, तर ज्याचा संकर विसरला गेला इतका जुना, असे म्हणायचा मोह होतो.

हद्दपार झालेल्यांना इतरत्र आसरा मिळाला. बाल्टिमोरचे पत्रकार फिलिप वॅग्नर यांनी फ्रेंच संकर अमेरिकेत नेले आणि १९४५ मध्ये मेरीलँडमध्ये 'बूर्डी' ही वाइनरी काढली. पूर्व अमेरिकेतली आणि कॅनडातली लाल वाइन पुष्कळ वर्षे त्यांच्याच बळावर उभी होती. ऑस्ट्रियाच्या बुर्गनलांडमध्ये, जो मुलूख १९२१ पर्यंत हंगेरीचा होता आणि जिथे जर्मन, हंगेरियन आणि क्रोएशियन बोलणारे शेजारी-शेजारी राहतात, तिथे अमेरिकन रक्ताच्या द्राक्षांची 'ऊहूडलर' नावाची वाइन लोकांनी बंदीतही सोडली नाही. १९९२ मध्ये तिच्या विक्रीला पुन्हा परवानगी मिळाली. आपल्याकडे बंदीचा प्रश्नच नव्हता. बेंगळूरच्या फलसंशोधन संस्थेने तर बेंगलोर ब्लू आणि 'ब्लॅक चंपा' यांच्यापासून 'अर्का श्याम' ही जात काढली आणि ती वाइनसाठी सुचवली. पुण्याच्या आघारकर संस्थेने कटावबा या अमेरिकन द्राक्षापासून 'एआरआय ५१६' काढली, तीही रसाला आणि वाइनला चालणारी.

फ्रान्समध्येही वारे फिरले आहे. फवारणीचा खर्च आणि विष लोकांना नकोसे झाल्यावर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनेच रोग सोसणारे नवे लाल संकर काढले. 'आर्ताबान' आणि 'विदोक' अशी भारदस्त नावे त्यांना दिली. सीबेलसारखे नुसते आकडे नाहीत. युरोपीय संघाने २०२१ मध्ये नामांकित प्रदेशांच्या वाइनची दारे संकरांना उघडली. त्या सहा जाती मात्र त्याच नियमात नावानिशी बाहेर ठेवलेल्या आहेत.

गेल्या दिवाळीत चोर्ला घाटाने म्हापशाला गेलो होतो. आत्या आता नव्वदीला आली आहे. फडताळात बाटली होतीच. तिला ही सगळी कथा सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी साठ वर्षे पिते ते तिकडे चोरीचे?"

म्हटले, "तिकडे. इकडे नाही."

तिने पेल्याच्या तळाशी राहिलेला थेंब संपवला, पेला पालथा घातला आणि विचारले, "आणि ती बाकीची पाच कशी लागतात रे?"

मी काय सांगणार? त्या सहांतली ही एकच माझ्या तोंडी लागली आहे, आणि तीही आत्याच्या फडताळातली.